पिक्टांचं राज्य नेमकं कुठे होतं?

आजच्या स्कॉटलंडच्या उत्तर आणि पूर्व भागात पिक्ट नावाचे लोक सुमारे सहाशे वर्षं नांदले. इ.स. २९७ मधल्या एका लॅटिन स्तुतिपर भाषणात त्यांचं नाव पहिल्यांदा येतं आणि इ.स. ९०० च्या आसपास ते नोंदींमधून नाहीसं होतं. या काळात त्यांनी रोमन ब्रिटनवर छापे घातले, आजच्या उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रिया राज्याच्या राजाला रणात ठार केलं, पश्चिमेकडच्या डाल रिआटा या गेल (म्हणजे आयरिशसारखी गेलिक भाषा बोलणाऱ्या) लोकांच्या राज्याला नमवलं आणि दोनशेहून जास्त दगडांवर आजवर कोणालाही खात्रीने वाचता न आलेली चिन्हं कोरून ठेवली.

पिक्टांवरच्या जुन्या लिखाणात 'गूढ' हा शब्द पानोपानी भेटतो. त्या गूढाचा बराचसा भाग पुराव्याच्या स्वरूपातून आला होता, आणि थोडा भाग चुकीच्या जागी शोधण्यातून. गेल्या वीसेक वर्षांत दोन्ही बाबतींत मोठा फरक पडला. २००६ साली एका इतिहासकाराने जुन्या ग्रंथांतले मोजके उल्लेख नव्याने तपासून पिक्टांचं मुख्य राज्य नकाशावर दीडशे किलोमीटर उत्तरेला सरकवलं. मग अ‍ॅबरडीन विद्यापीठातल्या पुरातत्त्वज्ञांनी २०१२ पासून 'नॉर्दर्न पिक्ट्स' हा प्रकल्प हाती घेऊन उत्तरेतच खोदायला सुरुवात केली. प्राध्यापक गॉर्डन नोबल यांचं नाव या कामात सतत येतं. जे हाती लागलं त्याने शाळेच्या पुस्तकातला 'अंग रंगवलेल्या रानटी टोळ्या' हा पिक्ट पार बदलला.

पुरावा इतका तुटपुंजा का?

पिक्टांनी स्वतः लिहिलेला इतिहास शिल्लक नाही. राजांची एक यादी आहे, पण ती बऱ्याच नंतरच्या हस्तलिखितांमधून आपल्यापर्यंत पोचली. बाकी सगळं शेजाऱ्यांनी लिहिलेलं आहे. रोमन लेखकांना हे सरहद्दीपलीकडचे शत्रू. आयर्लंडच्या मठांमधल्या वर्षवार नोंदी एका-दोन ओळींच्या: अमुक वर्षी अमुक राजा मेला, अमुक किल्ल्याला वेढा पडला. आयोना बेटावरचा मठाधिपती अ‍ॅडम्नान याने इ.स. ७०० च्या सुमारास संत कोलंबाचं चरित्र लिहिलं. त्यात नेस नदीजवळ राहणारा ब्रिडेई नावाचा पिक्ट राजा भेटतो, पण ग्रंथाचा हेतू संताचे चमत्कार सांगणं हा आहे. आणि बीड हा इंग्लिश मठवासी इतिहासकार, ज्याचा ग्रंथ ७३१ साली पूर्ण झाला, तो सांगतो की पिक्ट सिथियाहून, म्हणजे काळ्या समुद्रापलीकडच्या गवताळ प्रदेशातून, जहाजांत बसून आले. दूरच्या देशाहून आलेला मूळपुरुष सांगण्याची तेव्हाच्या युरोपातल्या अनेक लोकसमूहांना आवड होती. बीडचं हे वाक्य मात्र विसाव्या शतकापर्यंत काही लोक अक्षरशः धरून बसले.

जमिनीतही फार काही उरत नाही. लोहयुगातली स्कॉटलंडची गोल घरं जाड खांबांवर उभी असत, त्यामुळे खांबांचे खोल खड्डे मातीत राहतात आणि खोदताना गडद गोल डागांसारखे दिसतात. पिक्टांच्या काळात घरबांधणी बदलली. घरं लांबट झाली आणि भिंती गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या मातीच्या जाड तुकड्यांच्या झाल्या. छताचा भार या भिंतींवरच येतो, खोल खड्डे लागतच नाहीत. घर सोडलं की भिंत ढासळते आणि पुन्हा माती होते. सखल भागात पुढची हजार-बाराशे वर्षं नांगर फिरला, तेव्हा जमिनीलगतच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या. अशी घरं सापडली ती पर्थशरच्या डोंगराळ कुरणांत: पिटकार्मिक इथे, आणि ग्लेन शी खोऱ्यातल्या लेअर इथे. लेअरच्या उत्खननाने ती सातव्या ते नवव्या शतकातली असल्याचं दाखवलं. सुपीक सखल जमिनीवर अशी शेकडो घरं असणार, पण तिथे खोदणाऱ्याला खंदकाचा तळ आणि खांबांच्या खड्ड्यांची बुडं एवढंच मिळतं. घराची जमीन आणि चूल नांगराने नेलेली असते.

त्यात इथली माती आम्लधर्मी. हाडं तिच्यात विरघळतात. दफनं सापडतात, गोल आणि चौकोनी खंदकांनी वेढलेले मातीचे उंचवटेही सापडतात, पण आत बहुतेक वेळा सांगाडा नसतो. किनाऱ्यावरच्या वाळूत किंवा गुहेत, जिथे आम्लता कमी, तिथेच माणसं शिल्लक राहतात. पिक्टांच्या डीएनएबद्दल वाचताना ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी. तिच्याकडे पुढे येऊच.

फोर्ट्रिउ डोंगरापलीकडे गेलं

पिक्टांच्या सर्वात प्रबळ राज्याचं नाव फोर्ट्रिउ. चौथ्या शतकातला रोमन इतिहासकार अम्मियानस मार्केलिनस पिक्टांचे दोन गट सांगतो, डिकालिडोनेस आणि व्हर्टुरिओनेस. यातल्या दुसऱ्या नावापासून 'फोर्ट्रिउ' आलं. सातव्या शतकाच्या अखेरीपासून आयरिश नोंदींत पिक्टांच्या राजाला अनेकदा 'फोर्ट्रिउचा राजा' म्हटलेलं आहे. म्हणजे फोर्ट्रिउ कुठे होतं हे ठरवलं की पिक्टांची सत्ता कुठून चालत होती हेही ठरतं.

एकोणिसाव्या शतकापासून सर्वमान्य उत्तर होतं स्ट्रॅथअर्न, म्हणजे पर्थच्या पश्चिमेचं खोरं, आजच्या स्कॉटलंडच्या मध्यभागी. त्याचा एक मुख्य आधार असा: ९०४ साली एका स्कॉटिश वृत्तांतात व्हायकिंग 'स्राथ एरेन'मध्ये मारले गेल्याची नोंद आहे, आणि त्याच वर्षी आयरिश नोंद सांगते की व्हायकिंगांचा पुढारी ईवर याला फोर्ट्रिउच्या लोकांनी मारलं. दोन्ही घटना एकच, म्हणून फोर्ट्रिउ म्हणजे स्ट्रॅथअर्न.

सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले अ‍ॅलेक्स वुल्फ यांनी २००६ साली हा आधारच तपासला. उत्तरेत, इन्व्हरनेसच्या आग्नेयेला, फिंडहॉर्न नदीचं वरचं खोरं आहे. त्याचं नाव स्ट्रॅथडर्न. जुन्या रूपात हीदेखील 'एरेन'चीच दरी. तेव्हा ९०४ ची नोंद दोन्हीकडे लागू पडते आणि तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मग उरलेले उल्लेख पाहायचे. दहाव्या शतकात डुव नावाचा राजा मारला गेला. एका परंपरेनुसार ते घडलं फॉरेस गावी, मॉरे फर्थ या खाडीच्या काठावर. दुसरी, आयरिश भाषेतली भविष्यवाणीच्या रूपातली कविता, त्याचा मृत्यू 'माउंथ'च्या पलीकडे, फोर्ट्रिउच्या मैदानात झाला असं सांगते. माउंथ म्हणजे ग्रॅम्पियन पर्वतांची पूर्वेकडे समुद्रापर्यंत जाणारी रांग. बीडने उत्तर आणि दक्षिण पिक्टांमधली सीमा म्हणून जे उंच, खडबडीत डोंगर सांगितले ते हेच. म्हणजे फोर्ट्रिउ या रांगेच्या उत्तरेला, मॉरे फर्थच्या भोवती.

एवढी एक दुरुस्ती झाली आणि अनेक विसंगती आपोआप सुटल्या. ६८२ साली ब्रिडेई या फोर्ट्रिउच्या राजाने ऑर्कनी बेटांवर स्वारी केली. पर्थजवळच्या राजाने इतक्या लांब का जावं? मॉरे फर्थवरून मात्र ऑर्कनी सागरी मार्गावरच आहे. याच ब्रिडेईने २० मे ६८५ रोजी डून नेख्तानच्या लढाईत नॉर्थम्ब्रियाचा राजा एजफ्रिथ याला सैन्यासह कापून काढलं. ही लढाई अँगस परगण्यातल्या डनिखनला झाली असं मानलं जाई. बीड मात्र लिहितो की एजफ्रिथला दुर्गम डोंगरांच्या अरुंद वाटांमध्ये खेचून नेलं, आणि डनिखनच्या भोवती सौम्य टेकड्या आणि शेतं आहेत. वुल्फ यांनी सुचवलेलं बॅडेनॉकमधलं डनअ‍ॅख्टन खरोखरच उंच डोंगरांच्या मधोमध आहे. लढाईच्या जागेचा वाद अजून चालू आहे. फोर्ट्रिउ उत्तरेत होतं हे मात्र आता बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारलं आहे. माझ्या मते पिक्ट संशोधनातलं गेल्या शंभर वर्षांतलं हे सर्वात मोलाचं पाऊल, आणि त्यासाठी एक फावडंही उचलावं लागलं नाही.

रायनी: खेड्याखालची राजसत्ता

अ‍ॅबरडीनशरमधलं रायनी हे छोटं गाव. इथे पिक्ट दगड बऱ्याच काळापासून माहीत होते. त्यातला एक, क्रॉ स्टेन, अजून मूळ जागी उभा आहे. त्यावर साल्मन मासा आणि 'पिक्टिश बीस्ट' म्हणून ओळखला जाणारा लांब तोंडाचा, वळलेल्या पायांचा प्राणी कोरलेला आहे. १९७८ साली त्याच शेतात नांगराला एक मोठी शिळा लागली. तिच्यावर चालणारा दाढीवाला माणूस, बाकदार नाक, दिसणारे दात आणि खांद्यावर बारीक दांड्याची कुऱ्हाड. हाच 'रायनी मॅन'.

२०११ पासून क्रॉ स्टेनभोवती खोदल्यावर एकाबाहेर एक खंदक आणि त्यांच्या बाहेरून ओकच्या लाकडांची भक्कम तटबंदी निघाली. काळ चौथं ते सहावं शतक. आत इमारतींचे अवशेष, धातूच्या ओतकामाचे मातीचे साचे, फ्रान्सकडून आलेल्या काचेच्या पेल्यांचे तुकडे आणि पूर्व भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या मोठ्या कुंभांची खापरं सापडली. अशी खापरं ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉर्नवॉलमधल्या टिंटाजेलसारख्या सत्ताकेंद्रांवर मिळतात. उत्तर समुद्राच्या बाजूला, इतक्या उत्तरेत ती कोणाला अपेक्षित नव्हती. सहाव्या शतकात भूमध्य समुद्राकाठचं मद्य या दरीत प्यायलं जात होतं, याचा अर्थ इथे राहणाऱ्याचे संबंध आणि ऐपत दोन्ही राजाला शोभणारी होती. 'रायनी' या नावातही 'राजा' या अर्थाचा जुना केल्टिक शब्द दडलेला आहे.

सगळ्यांत बोलका शोध छोटासा आहे. इथे कुऱ्हाडीच्या आकाराची धातूची टाचणी मिळाली, आणि ती कुऱ्हाड रायनी मॅनच्या खांद्यावरच्या कुऱ्हाडीसारखी आहे. दगडावरचं चित्र आणि त्या जागी वापरलं जाणारं प्रतीक यांचा इतका थेट दुवा पिक्टांच्या बाबतीत दुर्मिळ. अशी कुऱ्हाड बळीच्या जनावराला मारण्यासाठी असावी, असा अंदाज काही अभ्यासक बांधतात. तसं असेल तर रायनीचा राजा विधीचाही प्रमुख होता.

डोंगरावरचे आठशे ओटे

रायनीच्या माथ्यावर टॅप ओ'नॉथ हा ५६३ मीटर उंचीचा डोंगर आहे. शिखरावर एक किल्ला आहे, ज्याच्या भिंतीतले दगड प्रचंड आगीने वितळून एकमेकांना चिकटले आहेत. तो पिक्टांच्या कितीतरी आधीचा. त्याच्या खालच्या उतारावर मात्र सुमारे १७ हेक्टरांना वेढणारा दुसरा तट आहे. त्याच्या आत किती घरं होती हे हवाई लायडार पाहणीत कळलं.

लायडारमध्ये विमानातून जमिनीवर लेसरचे असंख्य झोत सोडतात आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजतात. काही झोत झाडाझुडपांवरून परततात, काही फटींमधून खाली जमिनीपर्यंत पोचतात. शेवटी परतलेले झोत तेवढे निवडले की झुडपं बाजूला होतात आणि उघड्या जमिनीचा नकाशा मिळतो. मग संगणकावर त्यावर वेगवेगळ्या कोनांतून तिरका उजेड टाकतात. वीत-दोन वीत उंचीचे चढउतारही सावलीमुळे उठून दिसतात. टॅप ओ'नॉथच्या उतारावर अशा रीतीने जवळपास ८०० ओटे दिसले: घर बांधण्यासाठी उतार कापून सपाट केलेल्या जागा. ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांवरून तयार केलेल्या त्रिमितीय नकाशाने ते पक्के केले. नुसत्या नकाशावर भरवसा ठेवता येत नाही, कारण कोळसा पाडण्याच्या जागा किंवा उन्मळलेल्या झाडांचे खड्डेही असेच दिसतात. म्हणून काही ओटे खोदले गेले. त्यांतून राहत्या घरांच्या खुणा मिळाल्या आणि तारखा आल्या तिसऱ्या ते सहाव्या शतकाच्या.

२०२० साली हा शोध जाहीर झाला तेव्हा 'चार हजार लोकवस्तीचं पिक्ट शहर' अशा बातम्या आल्या. हा आकडा ८०० ओट्यांना प्रत्येकी चार-पाच माणसं लावून येतो, आणि सगळे ओटे एकाच वेळी वसलेले होते असं त्यात गृहीत आहे. तारखांचा पल्ला तीन-चार शतकांचा असताना ते गृहीत धरणं धाडसाचं. वर्षभर माणसं इथे राहत की ठरावीक काळी जमत, हाही प्रश्न आहे. साडेपाचशे मीटर उंचीच्या या डोंगरावरचा हिवाळा सोपा नाही. पण चौथा हिस्सा घरं जरी एका वेळी वसलेली असली, तरी त्या काळच्या उत्तर ब्रिटनमध्ये ही अतिशय मोठी वस्ती ठरते, आणि तीही खाली दरीतल्या राजवाड्याच्या थेट नजरेत.

तारीख कशी काढतात आणि कुठे चुकते

या सगळ्या कथेचा कणा रेडिओकार्बन तारखा हा आहे. सजीव जगत असेपर्यंत हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ शरीरात घेतो. मेल्यावर तो घटत जातो, दर ५,७३० वर्षांनी निम्मा. उरलेला किती ते मोजलं की वय निघतं. आताच्या यंत्रांना जवाचा एक जळका दाणाही पुरतो.

पहिली चूक नमुना निवडण्यात होते. ओकचं झाड दोन-तीनशे वर्षं जगतं. त्याच्या गाभ्याचा कोळसा तपासला तर झाड कापल्याची नव्हे, गाभा वाढला तेव्हाची तारीख मिळते आणि किल्ला एक-दोन शतकं जुना ठरतो. म्हणून धान्याचे दाणे, हेझलनटची टरफलं, बारीक डहाळ्या अशा एका-दोन हंगामांत वाढलेल्या वस्तू निवडतात. दुसरी अडचण खड्ड्यांची: खांबाच्या खड्ड्यात सापडलेला दाणा खांब रोवताना पडला, की खांब कुजल्यावर शंभर वर्षांनी वरून आला? तिसरी, मासे खाणाऱ्या माणसाच्या हाडांची. समुद्रातला कार्बन जुना असतो, त्यामुळे हाड काही शतकं जास्त जुनं भासतं आणि आहाराचा हिशेब करून ते दुरुस्त करावं लागतं. चौथी, हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण दर वर्षी सारखं नव्हतं. झाडांच्या वर्षवलयांवरून केलेल्या तक्त्याशी ताळा जुळवावा लागतो, आणि तक्त्यात सपाट पट्टे आहेत. तिथे एकच मोजमाप शंभर-दीडशे वर्षांवर पसरतं. यावर उपाय म्हणजे एकाच जागेच्या अनेक तारखा, थरांच्या वर-खाली क्रमाची अट घालून, संख्याशास्त्राने एकत्र बसवणं. खालचा थर वरच्यापेक्षा नंतरचा असू शकत नाही, एवढ्या एका अटीनेही पल्ला बराच आवळतो.

या पद्धतीचा सर्वात मोठा परिणाम चिन्हशिळांवर झाला. चंद्रकोर आणि मोडलेला बाण, जोडचक्र आणि झेड आकाराची काठी, आरसा आणि कंगवा, रानडुक्कर, गरुड, मासा, तो विचित्र प्राणी: अशी तीसेक चिन्हं पुन्हा पुन्हा येतात, बहुधा जोडीने. दगडाची तारीख कार्बनने निघत नाही. त्यामुळे शैलीवरून अंदाज बांधले जात आणि बहुतेक अभ्यासक सहावं-सातवं शतक धरत. स्टोनहेव्हनजवळ डनिकेअर हा समुद्रात सुटा उभा असलेला खडक आहे. एकोणिसाव्या शतकात तिथून चिन्हं कोरलेले दगड खाली आले होते. २०१५ पासून गिर्यारोहकांच्या मदतीने दोर लावून पथक वर चढलं आणि खडकाच्या अरुंद माथ्यावर खोदलं. किल्ला निघाला तिसऱ्या-चौथ्या शतकातला. चिन्हं कोरलेल्या हाडांच्या वस्तूंच्या तारखा आणि इतर ठिकाणचे पुरावे जोडून २०१८ साली नोबल आणि सहकाऱ्यांनी मांडलं की चिन्हांची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या शतकातच झाली असावी. डनिकेअरच्या चिन्हांची रेषा साधी, जवळजवळ ओबडधोबड आहे. नंतरच्या शिळांवरची सफाई तिथे नाही, हेही याला धरूनच.

मग ही लिपी आहे का? २०१० साली काही संशोधकांनी चिन्हांच्या क्रमातली अनिश्चितता मोजून ती लिखित भाषेसारखी असल्याचा दावा केला. मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल, कारण २००९ साली सिंधू लिपीबद्दल याच धर्तीचा दावा झाला होता. दोन्हींवर भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रोट यांनी एकच आक्षेप घेतला: भाषा नसलेल्या चिन्हसमूहांतही असाच क्रम दिसतो, तेव्हा या मोजमापाने निवाडा होत नाही. मला हा आक्षेप पटतो. तरीही चिन्हं जोडीने येणं, थडग्यांजवळच्या शिळांवर येणं आणि चांदीच्या दागिन्यांवरही येणं, यावरून ती व्यक्तींची किंवा घराण्यांची नावं दर्शवत असावीत हा तर्क सध्या सर्वांत बळकट आहे. आणि सुरुवात रोमन काळातली ठरल्यामुळे त्याला कारणही मिळतं. दक्षिणेला, रोमनांनी सरहद्दीवर बांधलेल्या भिंतीपलीकडे, रोमन लोक दगडांवर आपली नावं कोरत होते. आयर्लंडमध्ये त्याच सुमारास रेघांची ओघम लिपी तयार झाली. उत्तरेतल्या सरदारांनी तीच गरज आपल्या पद्धतीने भागवली.

रोमची चांदी

स्कॉटलंडमध्ये त्या काळी चांदी काढली जात नव्हती. पिक्टांच्या जाड साखळ्या, कडी, टाचण्या यांची सगळी चांदी रोमन मुलुखातून आली. रोमनांनी सीमेपलीकडच्या सरदारांना शांत ठेवण्यासाठी पैसे मोजले. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस व्हिरिउस लूपुस या रोमन सुभेदाराने मोठी रक्कम देऊन तह विकत घेतला, असं इतिहासकार डिओ कॅसिअस सांगतो. मॉरेमधल्या बर्नी इथे याच सुमाराच्या रोमन चांदीच्या नाण्यांचे दोन साठे मिळाले, प्रत्येकात सुमारे तीनशे नाणी. पुढे नाण्यांऐवजी वजनावर कापलेले भांड्यांचे तुकडे येऊ लागले. अ‍ॅबरडीनशरमधल्या गॉलक्रॉस इथे एकोणिसाव्या शतकात एक साठा सापडून बहुतेक हरवला होता; २०१३ साली धातुशोधक यंत्रं घेऊन तेच शेत पुन्हा पिंजलं तेव्हा शंभराहून जास्त तुकडे हाती आले.

अशा देणगीने एक सरदार बाकीच्यांपेक्षा मोठा होतो, कारण पुढे वाटण्याचा अधिकार त्याच्याकडे जातो. नंतर रोम ही देणगी थांबवतो तेव्हा त्याला ती लुटून आणावी लागते. इ.स. ३६७ मध्ये पिक्टांनी इतर शत्रूंशी संगनमत करून रोमन ब्रिटनवर जो मोठा हल्ला केला, त्याकडे या नजरेने पाहिलं की तो समजतो. पाचव्या शतकात रोमन सत्ता गेल्यावर नवी चांदी येणं आटलं आणि जुनीच वितळवून, इतर धातू मिसळून वापरली गेली. चांदीचा कस शतकागणिक उतरत गेलेला प्रयोगशाळेत दिसतो.

डीएनए काय सांगतं

एप्रिल २०२३ मध्ये पिक्टांच्या जनुकांवरचा महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संपूर्ण जनुकीय आराखडा काढता आलेली माणसं दोन: एक मॉरे फर्थजवळच्या बॅलिनटोरचा, दुसरा फाइफमधल्या लंडिन लिंक्स दफनभूमीतला. काळ पाचवं ते सातवं शतक. जुन्या हाडांतला डीएनए तुटका असतो, म्हणून निसटलेला मजकूर हजारो आधुनिक आराखड्यांच्या आधारे संगणकाने भरला आणि मग लांब सलग तुकडे कोणाशी जुळतात ते पाहिलं. जुळणी मिळाली ब्रिटनच्याच लोहयुगातल्या लोकांशी, आणि आजच्यांपैकी पश्चिम स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड, नॉर्थम्ब्रिया इथल्या लोकांशी. सिथियाची कथा इथे संपते. पिक्ट तिथलेच होते. त्यांची भाषाही वेल्शच्या कुळातली केल्टिक होती हे गावांच्या नावांवरून आधीच बऱ्यापैकी मान्य झालं होतं: अ‍ॅबरडीनमधलं 'अ‍ॅबर' वेल्समध्येही भेटतं.

दुसरा निष्कर्ष जास्त नाजूक आहे. बीड म्हणतो की वारसाबद्दल शंका असेल तेव्हा पिक्ट राजघराण्याच्या स्त्रियांकडच्या बाजूने राजा निवडत. त्यावरून अख्खा पिक्ट समाज मातृवंशीय असल्याची समजूत पसरली. लंडिन लिंक्सच्या सात जणांचं फक्त आईकडून येणारं जनुकीय द्रव्य तपासलं, तर कोणाही दोघांची मातृरेषा एक निघाली नाही. पुरुष सासरी येऊन राहत असते तर पिढ्यान् पिढ्या त्याच मातृरेषा तिथे पुरलेल्या दिसल्या असत्या. इथे उलट, स्त्रिया बाहेरून येत असाव्यात असं चित्र आहे. पण सात माणसं म्हणजे फार थोडी, ती एका गावातली, आणि लग्नानंतर कोण कुठे राहतं हा प्रश्न गादी कोणाला मिळते याहून वेगळा आहे. राजवारशाबद्दलची शंका आली ती राजांच्या यादीवरूनच: आठव्या शतकात भाऊ भावानंतर राजा होताना दिसतात, आणि बीडचं वाक्य त्याच काळच्या एखाद्या दावेदाराच्या सोयीचं असावं, असं काही इतिहासकार मानतात. शिवाय इंग्लंडच्या दक्षिणेत, डॉर्सेटमध्ये, लोहयुगात स्त्रिया माहेरच्याच गावी राहत आणि पुरुष बाहेरून येत, हे २०२५ च्या सुरुवातीला डीएनएनेच दाखवलं. तेव्हा ब्रिटनमध्ये अशी पद्धत अशक्य होती असं म्हणता येणार नाही. या एका दफनभूमीत ती दिसत नाही, एवढंच.

बर्गहेड आणि अखेर

फोर्ट्रिउच्या वैभवाचा सर्वात मोठा अवशेष मॉरे फर्थवरचं बर्गहेड. समुद्रात घुसलेल्या भूशिरावर साडेपाच हेक्टरांचा किल्ला. १८०५ ते १८०९ च्या दरम्यान बंदर आणि नवं गाव बांधताना त्याचा निम्म्याहून जास्त भाग पाडून दगड वापरले गेले. तेव्हा वळू कोरलेल्या सुमारे तीस शिळा निघाल्याची नोंद आहे, उरल्या सहा. त्यामुळे आत काही शिल्लक नसेल असं सगळ्यांनी धरलं होतं. २०१५ पासूनच्या उत्खननाने ते खोटं ठरवलं. लांबट घरं, त्यांच्या चुली, नवव्या शतकातल्या आल्फ्रेड या इंग्लिश राजाच्या काळातलं नाणं आणि तटाच्या आतल्या जळक्या ओक तुळया अजून जागेवर होत्या. आग लागली म्हणूनच लाकूड कोळसा होऊन टिकलं. ती आग दहाव्या शतकातली.

व्हायकिंगांचा मोठा घाव ८३९ साली पडला. फोर्ट्रिउचा राजा उएन, त्याचा भाऊ आणि अनेक सरदार एका लढाईत मेले. नंतर आलेला किनेथ मॅकअल्पिन याला शालेय इतिहास पिक्टांचा नाश करणारा पहिला स्कॉट राजा म्हणतो, पण ८५८ च्या त्याच्या मृत्यूच्या नोंदीत तो 'पिक्टांचा राजा' आहे. ९०० साली मेलेला त्याचा नातू डोनल्ड प्रथमच 'अल्बाचा राजा' म्हणून नोंदला गेला; अल्बा हे स्कॉटलंडचं गेलिक नाव. राज्य तेच राहिलं. भाषा गेलिक होत गेली आणि राज्याला नवं नाव मिळालं. सामूहिक कत्तलीचा पुरावा ना हाडांत आहे ना नोंदींत.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर बर्गहेडचे वळू गावातल्या पाहणी केंद्रात, एल्गिनच्या संग्रहालयात आणि एडिनबरा व लंडनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत विखुरलेले आहेत. पोर्टमाहोमॅकला पिक्ट मठाच्या जागेवरच संग्रहालय आहे. वासरांच्या कातड्यापासून लेखनासाठी चर्मपत्र बनवण्याची कार्यशाळा तिथे उत्खननात निघाली. मिगलच्या संग्रहालयात कोरीव शिळांचा सुंदर संच एका छताखाली आहे. अ‍ॅबरलेम्नोच्या रस्त्याकडेच्या आणि चर्चच्या आवारातल्या शिळा सर्वांत देखण्या, पण हिवाळ्यात थंडी-पावसापासून जपण्यासाठी त्यांवर लाकडी खोकी चढवलेली असतात, त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबर या काळातच जावं. उन्हं कलती असताना गेलात तर उथळ कोरीवकाम सावल्यांमुळे नीट दिसतं.